७५ हर्ट्झ केलं म्हणून वॉरंटी गेली? सेम केस, थोडं लांब उत्तर

सेम टू सेम माझी केस. तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय तसं, साठ हर्ट्झचा मॉनिटर ७५ वर (म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी ७५ वेळा चित्र बदलायला लावून) चालवताय, मधूनच दोन-तीन सेकंद स्क्रीन काळी होते, आणि सर्व्हिसवाला म्हणतो ओव्हरक्लॉक केलंत ना (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात चालवलंत ना), मग वॉरंटी विसरा. यातलं शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमची पोस्ट वाचून डोकंच फिरलं.

७५ साठी कस्टम रिझोल्यूशन (स्वतःचं डिस्प्ले सेटिंग) कुठे बनवायचं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो. आधी एक गोष्ट बघा जी पोस्टमध्ये लिहिली नाहीये. स्क्रीन काळी होते तेव्हा मॉनिटरच्या पॉवर बटणाचा दिवा चालू राहतो का तोही विझतो? दिवा चालू आणि क्षणभर 'नो सिग्नल' किंवा 'आउट ऑफ रेंज' येत असेल तर भानगड केबलची नाहीतर सिग्नलच्या टायमिंगची. दिव्यासकट सगळंच गेलं तर त्याचा हर्ट्झशी काडीचाही संबंध नाही, पॉवर कटतेय.

माझा दिवा विझायचा. ६० वर आणल्यावरही विझायचा, भावाच्या लॅपटॉपला लावला तरी विझायचा. हे सगळं मी काउंटरवर नीट सांगितलं, आणि त्या माणसाने विचारलं "काही सेटिंग चेंज केलेलं का?" तर तेही सांगितलं. संपलं. बाकी एक अक्षर त्याने ऐकलं नाही, जॉबशीटवर 'ओव्हरक्लॉक्ड बाय कस्टमर' टाइप करून मोकळा. मॉनिटर उघडला नाही, दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघितला नाही. वर सांगतो पॅनल, म्हणजे स्क्रीनच गेलीय, आणि पॅनलची किंमत जवळजवळ नव्या मॉनिटरएवढी! अहो पॅनल गेलं तर पॉवरचा दिवा कशाला विझेल? पण वरचे साहेब कायम मीटिंगमध्ये, मेलला उत्तर म्हणजे तेच छापील वाक्य, आणि प्रत्येक वेळी एवढा मोठा मॉनिटर स्कूटरवर पायात धरून पुण्यातल्या सातारा रोडच्या ट्रॅफिकमधून न्यायचा. (खोका फेकू नका कुणी, प्लीज.) शेवटी वैतागून घरी आणला, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घेतला, लावला, बास. आजही तोच मॉनिटर ७५ वर चालतोय. अ‍ॅडॉप्टर घेताना पिन आणि पोलॅरिटी तपासा मात्र, अंदाजाने कुठलाही खुपसू नका.

आता यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की ते ७५ चं सेटिंग मॉनिटरमध्ये नसतंच मुळी. ते विंडोजमध्ये असतं. टोस्टीएक्सचं सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन बनवायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरलं असेल तर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीत, लिहिलं जातं. मॉनिटर दुसऱ्या मशीनला लावला की तो आपल्या ईडीआयडीमधला (मॉनिटरमध्येच साठवलेल्या स्वतःच्या माहितीतला) ६० च सांगणार. मग माझा त्यांच्या टेबलावर ६० ला लावूनही बंद पडत होता तर त्याला ओव्हरक्लॉक कसं जबाबदार? खोटं बोला असं मी म्हणत नाहीये हां. स्पेसिफिकेशनबाहेर वापर केला तर वॉरंटी नाही असं कलम अटींमध्ये बऱ्याचदा असतं, आणि मी काही वकील नाही. पण आधी सीआरयूच्या फोल्डरमधलं रिसेट-ऑल चालवा, रीस्टार्ट करा, ६० वर आणि दुसऱ्या मशीनवर प्रॉब्लेम येतो का बघा, येत असेल तर दिव्यासकट मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तोच दाखवा. जॉबशीटवर लक्षण काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा, 'स्वतः बंद होतो' एवढंच हवं; जे तुम्ही सांगितलेलं नाही आणि त्यांनी तपासलेलंही नाही ते तिथे नको. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा. मला हा नंबर फार उशिरा कळला.

दिवा चालू राहत असेल तर मात्र मामला सोपा. १०८० पीचं ६० ला नेहमीचं टायमिंग १४८.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक (सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे तो वेग) घेतं. तेच ब्लँकिंग (दोन ओळी-फ्रेममधली रिकामी जागा) ठेवून ७५ केलं की ते १८५ च्या वर जातं, आणि स्वस्त मॉनिटरचं एचडीएमआय इनपुट तिथे धापा टाकतं. टायमिंगमध्ये 'रिड्यूस्ड ब्लँकिंग' निवडलं की १७५ च्या आत बसतं. तेवढ्यानेच बऱ्याच जणांचं काळं होणं थांबतं. नाही थांबलं तर केबल बदला, तरीही नाही तर ७२ वर या. एचडीएमआय टू व्हीजीएचं डोंगल मध्ये असेल तर ते आधी काढा.

आणि ७५ दिसतंय म्हणजे ७५ मिळतंयच असं नाही. काही मॉनिटर सिग्नल घेतात आणि आतल्या आत फ्रेम गाळतात. टेस्टयूएफओ या वेबसाइटवर फ्रेम स्किपिंगची टेस्ट आहे (दर फ्रेमला एकेक चौकोन उजळतो), मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१० सेकंद ठेवून फोटो काढा. उजळलेले चौकोन सलग आले तर ठीक, मध्ये अंधारे खड्डे दिसले तर सगळी मेहनत पाण्यात, गपचूप ६० वर जा.

माझं मत विचाराल तर ७५ च्या पुढे हाव करू नका. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद राहते, ७५ ला १३.३. फरक साडेतीनच्याही आत आहे, स्क्रोल करताना छान वाटतं, गेममध्ये त्याने कुणी हिरो होत नाही. ज्याला खरंच १४४ हवंय त्याने १४४ चा मॉनिटर घ्यावा, कुणाला राग आला तर येवो. मला जास्त फायदा झाला तो पिक्चर बघताना, २४ फ्रेमचा सिनेमा ७२ वर बरोबर तिप्पट बसतो, कॅमेरा फिरताना बसणारे हलके धक्के गेले. आईच्या मालिका २५ फ्रेमच्या असतात, त्यांना ७५ बरं.

लॅपटॉपला लावलाय का डेस्कटॉपला ते सांगा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनल सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचं ऑप्शनच येत नाही. आणि दिव्याचं काय ते लिहा.