क्लासचे साठ हजार राहू द्या, आधी लॅपटॉप परत करा

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ६.९. अभ्यास सोडून जावास्क्रिप्टमध्ये काहीबाही करत बसतो. आमच्या वाडीच्या दूध संकलन केंद्रासाठी त्याने हिशेबाची वेबसाइट केली, तर एका शेतकऱ्याचं ११ लिटर दूध ५६ लिटर लागलं. चारचौघांत माझी मान खाली गेली. भाचा हिंजवडीत आहे. तो म्हणतो, जावासारख्या स्टॅटिक टाइपच्या भाषेत, म्हणजे कशात आकडा आणि कशात मजकूर हे प्रोग्राम चालण्याआधीच ठरलेलं असतं अशा भाषेत, अशा चुका होतच नाहीत. मी लॅपटॉप काढून घेतलाय. पुण्याच्या जावा क्लासचे ६० हजार भरू का?
– एक पालक, कराड तालुका

उत्तर : भरू नका. आणि लॅपटॉप आज संध्याकाळीच परत द्या.

मला त्या ६.९ची फारशी काळजी वाटली नाही, तुमच्या खाली गेलेल्या मानेची वाटली. तिसऱ्या वर्षाची कितीतरी मुलं तयार प्रोजेक्ट विकत आणून त्यावर आपलं नाव घालतात. तुमच्या पोराने खऱ्या शेतकऱ्यांच्या खऱ्या दुधाचा हिशेब अंगावर घेतला. चूक झाली, ती लोकांसमोर उघडी पडली, तुम्हाला लाज वाटली. वाटणारच. पण त्या लाजेची पावती मुलाच्या करिअरच्या नावावर का फाडताय? ११चे ५६ कसे झाले, हे त्याला विचारलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही. भाच्याला मात्र विचारलंत.

त्याने काय सांगितलं असतं, याचा मला अंदाज आहे. सकाळचं ५ लिटर, संध्याकाळचं ६. वेबपेजच्या फॉर्ममधून सर्व्हरकडे येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो. आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन मजकुरांच्या मध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की बेरीज होत नाही, ते शेजारी शेजारी चिकटतात. ५ला ६ चिकटले, ५६ झाले. आधी आकड्यात रूपांतर करायचं राहिलं, एवढंच. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या या खड्ड्यात एकदा पडतो.

आता भाच्याचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे. जावात ‘लिटर’ हा डबल प्रकारचा, म्हणजे दशांशाचा, आकडा आहे असं आधी सांगावं लागतं. त्यात मजकूर कोंबायला गेलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा तयारच होत नाही. म्हणजे ही चूक वाडीपर्यंत पोचलीच नसती. पन्नास जण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा हा पहारा फार मोलाचा असतो. म्हणून तर मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये जावास्क्रिप्टवर टाइप चढवून टाइपस्क्रिप्ट आणली, फेसबुकने २०१४मध्ये पीएचपीच्या जागी हॅक आणली आणि पायथॉननेही २०१५पासून टाइप लिहायची सोय केली. पण ‘चुका होतच नाहीत’? साफ खोटं. दुधातली फॅटही डबल, एसएनएफही (फॅट सोडून उरणारे घन घटक) डबल. दर काढताना दोघांची अदलाबदल झाली तर जावा हूं की चूं करणार नाही, आणि अख्ख्या वाडीची दहा दिवसांची बिलं गुपचूप चुकतील. ५६ लिटर निदान डोळ्यांवर तरी आलं! अशी चूक पकडायला दुधाचा हिशेब कळणारा माणूस लागतो, आणि तो तुमच्या घरात आहे. टाइपस्क्रिप्टचे टाइप तर प्रोग्राम चालताना उरतच नाहीत. बाहेरून आलेला मजकूर तपासला नाही, तर तिथेही ५६च होतील.

जावा शिकावी का? शिकावी. बँकांची आणि मोठ्या कंपन्यांची कितीतरी कामं तिच्यावर चालतात, कॅम्पसच्या मुलाखतीतही ती उपयोगी पडते. पण त्यासाठी ६० हजार कशाला? जावा चालवायची ओपन-जेडीके फुकट, जावात वेबसाइटची सर्व्हरची बाजू लिहायला लागणारं स्प्रिंग बूट फुकट, दोन्हींची माहिती नेटवर उघडी पडलेली. हाच दुधाचा हिशेब त्याने सर्व्हरच्या बाजूने जावात पुन्हा लिहावा. पैशांसाठी डबल वापरायचं नसतं, बिगडेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार वापरायचा, असल्या गोष्टी बिलाचे पैसे जुळेनात की आपोआप कळतात. जावापेक्षा गो ही भाषा आवडली तर गोमध्ये लिहू दे, तीही स्टॅटिक टाइपचीच आहे. निवड त्याची. मुलाखतीत ‘प्रोजेक्टमध्ये काय अडचण आली’ असं विचारतातच. तेव्हा त्याने हे ५६ लिटर न लाजता सांगावं.

एमटेकसाठीची गेट, सी-डॅकच्या पदविका अभ्यासक्रमांची सी-कॅट या प्रवेश परीक्षांचे रस्ते आहेतच, त्यांचं चौथ्या वर्षात बघता येईल. सध्या बॅकलॉग लागू देऊ नये, एवढंच त्याला सांगा, तेही एकदाच.

त्या शेतकऱ्याचं बिल दुरुस्त झालं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर मुलाला घेऊन केंद्रावर जा आणि सचिवांशी त्यालाच बोलू द्या. आणि क्लासवाले ‘जागा धरून ठेवतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागत असतील, तर तीही देऊ नका.