रान गहाण टाकण्याआधी

ताई, मी कोल्हापूरजवळच्या एका गावात राहते. यंदा पेंटिंगमध्ये बीएफए झाले. माझे वडील, अण्णा, हायस्कूलवर चित्रकलेचे शिक्षक आहेत. त्यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचं होतं. आजोबा अचानक गेले आणि ते राहून गेलं. प्रवेशाचा कोरा फॉर्म अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. आता मला जर्मनीला पाठवायचंच, असं त्यांनी ठरवलंय. एका कन्सल्टन्सीने बर्लिनमधल्या खासगी कॉलेजात जागा मिळते म्हणून सांगितलंय. पहिल्या वर्षाचे फी आणि राहणं धरून सव्वीस लाख. अण्णा दीड एकर रान गहाण टाकायला निघालेत. आई काहीच बोलत नाही. खरं सांगू का, मला जायचंय की नाही तेच मला उमगत नाही. नको म्हटलं तर अण्णा खचतील. सोबत माझ्या आठ चित्रांचे फोटो पाठवतेय.

*

अगं पोरी,

पत्र एकदा वाचलं आणि मग बराच वेळ तुझी चित्रंच बघत बसले. पन्हाळा, रंकाळा, तांब्याचा हंडा आणि त्यामागचा चुण्या पडलेला पडदा अशी पहिली सहा चित्रं स्वच्छ आहेत, हात तयार आहे. परीक्षेत याला चांगले मार्क पडले असणार. पण मी अडकले ती शेवटच्या दोनांपाशी. वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर बॉलपेनने काढलेलं गुऱ्हाळ. एकात जळव्या चुलवाणात चिपाडं सारतोय आणि धग लागू नये म्हणून त्याने मान वळवलीय. दुसऱ्यात पाच-सहा जण मिळून काहील उतरवतायत, हात दिसतात, तोंडं वाफेत गेलीयत. ती वाफ तू काढलेलीच नाहीस, तेवढा कागद कोरा सोडलायस. हे तुला कुणी शिकवलं नसणार. ही दोन चित्रं तू यादीत सगळ्यात शेवटी का टाकलीस, ते मला विचारायचंय.

आधी पैशाचं बोलू, कारण त्याला थांबायला वेळ नाही. रान गहाण टाकायचं नाही. अण्णांना सांग, ताईंनी हात जोडून सांगितलंय. जर्मनीतल्या सरकारी कला अकादम्यांत, म्हणजे ड्युसेलडॉर्फ, हॅम्बुर्ग अशा ठिकाणी, परदेशी मुलांनाही शिकवणीची फी नसते. दर सत्राला काहीशे युरोंपर्यंत वर्गणी भरावी लागते, बस्स. श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूऽ ज्या राज्यात येतात तिथे मात्र युरोपाबाहेरच्या मुलांना सत्राला १५०० युरो पडतात. तरीही सव्वीस लाखांच्या जवळपास ते जात नाही. तुमच्या कन्सल्टन्सीने हे का सांगितलं नाही? सरकारी अकादमी मूल आणून दिल्याबद्दल कुणाला कमिशन देत नाही, खासगी कॉलेजं देतात. माझा राग याच गोष्टीवर आहे. माणूस आपलं रान काढून द्यायला बसलाय आणि समोरचा त्याला फुकटची वाट दाखवत नाही.

राहण्या-खाण्याचा खर्च मात्र खरा आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात दाखवावे लागतात, आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. ते कुणाला द्यायचे नसतात, तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ या हिशेबाने तुलाच परत मिळतात. शिवाय आपल्याकडची प्रमाणपत्रं दिल्लीतल्या एपीएस केंद्रातून आधी तपासून घ्यावी लागतात, २०२२च्या नोव्हेंबरपासून त्याशिवाय व्हिसा नाही. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या वर्षाचा हिशेब त्या भरवशावर मांडू नकोस. परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी डाड (DAAD) नावाची जर्मन संस्था आहे, तिची कलेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्तीही असते. पदवी झालेल्यांनी ती बघायलाच हवी.

मग फी नाही तर अडचण कशाची? कामाची. ते मार्कशीट बघून नाही, माप्पे बघून घेतात. माप्पे म्हणजे तुझ्या चित्रांची पेटी, साधारण वीसेक कामं. काही ठिकाणी मूळ चित्रं, काही ठिकाणी फोटो. तिथल्या प्राध्यापकांना हंडा किती गोल आलाय यात रस नसतो, ही मुलगी काय बघते आणि कशी बघते हे त्यांना शोधायचं असतं. तुझ्या आठातली दोनच चित्रं आज त्या पेटीत जातील. कोणती, ते तुला कळलंच असेल.

आत गेल्यावरचंही नीट ऐक. आपल्यासारखं वेळापत्रक नाही, सबमिशन नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या क्लासेमध्ये, म्हणजे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गटात, तुला जागा मिळते, ते अधूनमधून येतात, तुझं काम मध्ये ठेवून सगळे त्यावर बोलतात. बाकी दिवस तू आणि तुझा कोपरा. एलिमेंटरी-इंटरमीजिएटपासून सर म्हणतील तसं करत आलेल्या मुलांना हे मोकळेपण आधी खायला उठतं. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. तेव्हा हातात स्वतःचं काही काम नसेल तर फार जड जातं. भाषेचंही तसंच. अट प्रत्येक अकादमीची वेगळी, पण चित्रावरची चर्चा जर्मनमध्ये चाललेली असताना गप्प बसावं लागू नये. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाची परीक्षा देता येते, तयारी घरूनही होते. आपले चित्रकार रझा १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, ते मुंबईत आधी फ्रेंच शिकून मगच.

आता तुझा खरा प्रश्न. मला जायचंय का? हा प्रश्न तू सव्वीस लाखांच्या ओझ्याखाली विचारतेयस, म्हणून उत्तर सापडत नाही. ते ओझं बाजूला केलं की उरतं एवढंच, की वर्षभर कुणी न सांगता, मार्क न मिळता, वीस चित्रं तुला काढावीशी वाटतील का. वाटली तर अर्ज कर. नाही वाटली तर ड्युसेलडॉर्फमध्येही वाटणार नाहीत, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण ज्या मुलीने हाताशी कागद नाही म्हणून पावती उलटी केली, तिला वाटतील असं माझं मन सांगतं.

आणि अण्णा. त्यांना नको म्हणायला जाऊ नकोस. त्यांच्याजवळ बस आणि म्हण, अण्णा, रान राहू दे, मला तुमची नजर हवी. त्या पावत्या त्यांच्यापुढे ठेव. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, त्या तू त्यांना कधी दाखवलेल्याच नाहीस. ज्या माणसाने तो फॉर्म इतकी वर्षं जपलाय, त्याला मुलीच्या शिक्षणात पैशापलीकडेही काही देता येतं, हे कुणीतरी त्याला मागायला हवं. आईलाही त्याच वेळी समोर बसव. ती गप्प आहे ती रानापायी की तुझ्यापायी, ते विचार. उत्तर येईपर्यंत थांब.

अर्ज बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असतात, सत्र ऑक्टोबरला सुरू होतं. तारखा प्रत्येक अकादमीच्या स्वतःच्या पानावरच बघ, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. दिवाळीच्या सुमाराला तुमच्याकडची गुऱ्हाळं पेटतील. पहिल्या आधणालाच जा, जाड कागद आणि कोळसा घेऊन. अण्णांची शाळा सुटल्यावर त्यांनाही घेऊन जा, आणि कागद दोघांपुरता ने.

तुझी,
ताई