वाचकांचे प्रश्न : चिनी मातीचे कप, शिंगे आणि वळवाची वीज

प्रश्न : विजेच्या लाइनच्या शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत शिंगांसारख्या वाकवलेल्या दोन सळ्या आणि खाली तेलाच्या टाक्या दिसतात. त्या कशासाठी? (परभणी)

उत्तर : शिंगे म्हणजे हॉर्न गॅप. वीज पडली की विजेचा दाब (व्होल्टेज) त्या दोन शिंगांमधल्या फटीतून उडी मारून जमिनीत उतरतो. पेटलेली ठिणगी स्वतःच्या उष्णतेने शिंगांवर चढत जाते, ताणली जाते आणि तुटते. आभाळातली वीज क्षणात संपते. पण तिच्या मागोमाग लाइनचाच करंट त्याच वाटेने वाहू लागतो, खरी अडचण ती. त्यासाठी 1907 च्या सुमारास टाक्या आल्या. आत ॲल्युमिनियमच्या ताटल्यांची चळत, दोन ताटल्यांमध्ये क्षाराचे पाणी, भोवती तेल. ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय एका ताटलीमागे साधारण 300 व्होल्ट अडवते, त्याहून जास्त आले की वाट देते, दाब उतरला की पुन्हा अडवते. 33 केव्ही (33 हजार व्होल्ट) लाइनला फेज, म्हणजे तीनपैकी एक तार, ते जमीन 19 हजार व्होल्ट, म्हणजे एका फेजला साठेक ताटल्या. पण ही साय पाण्यात हळूहळू विरघळते, उन्हाळ्यात भराभर. म्हणून ऑपरेटर रोज काही सेकंद शिंगे जवळ आणून ही साय पुन्हा बसवून घेई. चार दिवस विसरला तर पुढच्या वेळी टाकी उकळलीच. आपल्या वैशाखात हे सांभाळणे म्हणजे डोकेदुखीच!

प्रश्न : वर अर्थवायर (वीज झेलून जमिनीत नेणारी तार) ओढलेली असूनही वळवाच्या पावसात 33 केव्ही लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. (बीड)

उत्तर : दोष बहुधा वर नसून पायाशी असतो. 30 हजार अँपिअरची वीज 20 ओहम रोधाच्या अर्थिंगमधून (टॉवरच्या जमिनीशी असलेल्या जोडणीतून) उतरली तर टॉवरच 6 लाख व्होल्टवर जातो. 33 केव्हीच्या उपकरणांची आघात सोसण्याची पातळी 170 केव्ही. मग ठिणगी टॉवरकडून तारेकडे, उलटी उडते. आपल्याकडे वर भेगाळलेली काळी माती, खाली बेसाल्ट; आणि विजा कडाडतात त्या जमीन भिजण्याआधी. म्हणून अर्थिंग मे महिन्यात मोजा. ऑगस्टचा आकडा फसवतो. 10 ओहमच्या आत हवे. अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खडकावर टेकला तर त्याच खड्ड्यात मीठ ओतत बसू नका, मिठाने पाइपच खाल्ला जातो. पाच मीटरवर दुसरा पाइप ठोकून दोन्ही जोडा, किंवा अर्धा मीटर खोल चर खणून जीआय पट्टी लांबवर पुरा. डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवरच्या) अरेस्टरची, म्हणजे विजेचा आघात जमिनीत उतरवणाऱ्या उपकरणाची, अर्थतार सरळ आणि आखूड ठेवा. उरलेल्या तारेची वेटोळी करून बांधायची सवय फार वाईट. विजेच्या आघाताला ती वेटोळी अडवतात आणि तो भार ट्रान्सफॉर्मरवर येतो.

प्रश्न : तारेला टॉवरपासून अलग ठेवणारा कप (इन्सुलेटर) फुटला तर खालून ओळखता येतो का? (वसमत)

उत्तर : काचेचा असेल तर येतो, त्याची तबकडी चुरा होऊन गळून पडते. चिनी मातीवर वरून ठिणगी गेली तर फक्त काळा डाग राहतो, तेवढ्याने कप बाद होत नाही. कपाच्या वरची धातूची टोपी आणि खालच्या पिनेच्या मध्ये आतून पडलेले छिद्र मात्र दिसत नाही; पहाटेच्या दवात लाइन वारंवार जात असेल तर तोच संशय घ्या. परमिट (लाइन बंद ठेवण्याची लेखी परवानगी) घेऊन, लाइन अर्थ करून, कप उतरवा आणि 5000 व्होल्टच्या मेगरने (रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा.