ट्रंकेतला फसली सन

प्रश्न : आमचे आजोबा नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. त्यांच्या ट्रंकेत पगाराची उर्दू चिठ्ठी निघाली. गावातल्या मौलवीसाहेबांनी वाचून दिली : १५ बहमन १३४७, रुपये १८ आणे ८. हिजरी १३४७ म्हणजे १९२८-२९ आणि आजोबांचा जन्म तर १९२० चा. मग ही चिठ्ठी कुणाची?
– एक वाचक, मुदखेड

उत्तर : आजोबांचीच असायला हरकत नाही. सन हिजरी नाही, फसली आहे, म्हणजे निजामी राज्याचा सरकारी सन. आकड्याआधी महिन्याचे नाव बघायचे. मोहरम, सफर, रज्जब असेल तर हिजरी. निजामी दफ्तराचा फसली सन मात्र इराणी नावांनी चाले : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूरने उघडे. म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेच्या फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. ताळा करायचा तर १७ सप्टेंबर १९४८ घ्या. तो दिवस आबान १३५७ मधला, आणि १३५७ अधिक ५९१ म्हणजे १९४८.

तुमचा बहमन तिसरा महिना. १३४७ अधिक ५९०, म्हणजे डिसेंबर १९३७ चा उत्तरार्ध. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. घोटाळा होतो तो बहमनच्या शेवटी, कारण महिना जानेवारीत शिरतो आणि सरसकट ५९० मिळवणाऱ्याचे एक वर्ष मागे पडते.

आता रक्कम. हे रुपये हाली शिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाचे, की इंग्रजी कलदार, हे आधी ठरवा. इंग्रजी कागदावर हालीला ‘ओ. एस.’ म्हणजे उस्मानिया शिक्का, आणि कलदारला ‘बी. जी.’ लिहीत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब. त्यामुळे साडेअठरा हालीचे कलदार झाले १५ रुपये आणि पावणेचौदा आण्यांना किंचित कमी. मुंबईच्या गिरणीतल्या पगाराशी तुलना करताना हा सातवा हिस्सा बहुतेकांच्या हिशेबातून निसटतो, अगदी छापील लेखांतूनसुद्धा.

एक खात्री करून घ्या. जुन्या हिशेबात रक्कम पुष्कळदा साध्या आकड्यांत नसे, सियाक या हिशेबाच्या खास चिन्हांत असे. ते अक्षरांसारखे दिसते आणि चांगले उर्दू येणाऱ्यालाही वाचता येईलच असे नाही. जमिनीचे जुने निजामी कागद वाचून देणारा माणूस गाठा आणि आकडा दुसऱ्यांदा वाचून घ्या.

आणि कृपा करून चिठ्ठी लॅमिनेट करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते, पुन्हा सोडवता येत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग मांजरपाटाच्या रुमालात, शक्यतो घडी न घालता ठेवा. मांजरपाट कोरा नको. दोन-तीनदा धुऊन खळ घालवलेला हवा, कारण खळीला कसर लागते आणि ती कागदही खाते.

प्रश्न : उस्मानशाही मिल आणि नांदेड टेक्स्टाईल मिल या दोन वेगळ्या का?
– एक वाचक, अर्धापूर

उत्तर : एकच. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पाटी बदलली. मराठवाड्यातला तारीख नसलेला सरकारी कागद असेल तर मथळा बघा : ‘मुंबई राज्य’ असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या काळातला.

प्रश्न : घरात मिलच्या सुताचे एक बॉबिन आहे. जुनी माणसे त्याला ‘वीस नंबरी’ म्हणतात. खरे की खोटे, घरी कळेल का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : कळेल. ८४० वारांची एक गुंडी. एका रत्तलात, म्हणजे ४५३.६ ग्रॅममध्ये, जितक्या गुंड्या बसतील तितका सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक.

५० सेंटिमीटर लांबीची फळी घ्या. तिच्यावर लांबीच्या दिशेने, सूत न ताणता, शंभर वेढे द्या. एक वेढा एक मीटर. सूत काढून सोनाराच्या काट्यावर तोला. ५९ ला त्या ग्रॅमने भागा. २.९५ ग्रॅम भरले तर नंबर वीस, ३.७ भरले तर सोळा, दोनच्या आसपास आले तर तीस.

चुका ठरलेल्या असतात. ताणून गुंडाळले तर सूत लांबते आणि नंबर खोटाच वाढतो. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, वजन चढते. हे काम उन्हाळ्यात करा. दोन पदरी सूत असेल तर वीसचे दहाच दिसतील, म्हणून आधी एक टोक उलटे पिळून पदर मोजा. ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्याचे, खळ दिलेले सूत बोटांना करकरीत लागते. ते खळीच्या वजनाने जाड ठरते. तसे असेल तर तोलण्याआधी कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवा.