विश्वास आहे, मग बाप्तिस्म्याला नकार का?

मुलगा एकही उपासना चुकवत नाही, रोज सकाळी बायबल वाचतो, संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवतो, मात्र बाप्तिस्म्याचा विषय निघाला की ताटावरून उठून जातो, अशी तक्रार घेऊन काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (मायलेकांच्या संमतीने हे लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नसत. माणसाने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, सर्वांसमोर आपली साक्ष द्यावी, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सांगावे, आणि मग पाण्यात उतरावे, अशी तिथली रीत होती. मुलाला 26 वे वर्ष लागले होते आणि त्याच्या बरोबरीच्या साऱ्यांचे बाप्तिस्मे कधीच ‘उरकले’ होते. हा शब्द त्या बाईंचाच. तो मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला.

“ताई, उद्या त्याचे काही बरेवाईट झाले तर तो कुठे जाईल?” हा प्रश्न त्यांनी पहिल्या भेटीत तीनदा विचारला. असल्या प्रश्नाचा निवाडा करणे समुपदेशकाचे काम नव्हे, तो त्यांच्या पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, प्रांत. तरीही भीतीने रात्र-रात्र जागणाऱ्या आईला ‘हा माझा विषय नाही’ असे सांगून परत पाठवणे मला जमले नाही, म्हणून जे ठाऊक होते ते मी सांगितले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचे तारण होईल असे म्हटले आहे, परंतु त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यात दोषी ठरतो तो विश्वास न धरणारा. तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला सुखलोकाचे वचन मिळाले तेव्हा बाप्तिस्म्याला अवधीच नव्हता. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्नानसंस्कार (म्हणजेच बाप्तिस्मा) तारणासाठी आवश्यक आहे असे ठामपणे म्हटले आहे, आणि त्याच परिच्छेदात देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, हेही म्हटले आहे. दुसऱ्या टोकाला क्वेकर पंथ सतराव्या शतकापासून पाण्याच्या बाप्तिस्म्याशिवाय चालत आला आहे आणि साल्व्हेशन आर्मीने 1883 पासून हा विधी आपल्या उपासनेत ठेवलेला नाही. या दोन्ही ठिकाणची माणसे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि तसे जगतातही.

“म्हणजे नाही घेतला तरी चालतो?” बाईंनी एकदम विचारले. मी तसे म्हटले नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातली बाप्तिस्मा देण्याची आज्ञा स्पष्ट आहे आणि बहुतेक मंडळ्या ती पाळायचीच मानतात. माझे म्हणणे एवढेच होते की ‘नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच कारण नसते आणि ते कळेपर्यंत भीतीने त्याच्यामागे लागल्यास कारण अधिकच खोल दडते. मुलाला समजावून तयार करावे, ही त्यांची विनंती मी नाकारली. त्याला स्वतःहून यावेसे वाटले तर त्याने जरूर यावे, असा निरोप मात्र दिला.

तो तीन आठवड्यांनी आला. माझ्याकडून पहिल्याच भेटीत चूक झाली, ती नोंदवून ठेवते. “तुला कशाची अडचण वाटते?” असे मी विचारले आणि विचारता विचारताच मी त्याच्या आईच्या बाजूला जाऊन बसले, कारण अडचण दूर झाली की बाप्तिस्मा होणार, हे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले होते. त्याने ते ओळखले आणि पाऊण तास अगदी व्यवस्थित, पाठ केल्यासारखी ईश्वरविद्या ऐकवली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा करायला नव्हे, तर सुवार्ता सांगायला पाठवले’ असे पौल म्हणतो. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा पाण्याच्या आधीच उतरला. हे सारे खरे होते. (कर्नेल्याच्या घरी पेत्राने लगेच बाप्तिस्म्याची आज्ञा केली, हे त्याने गाळले आणि मीही आठवण करून दिली नाही.) ज्या माणसाचा नकार खरोखरच सिद्धान्तातून आलेला असतो तो इतक्या घाईने पुरावे मांडत नाही, असा माझा अनुभव आहे.

सिद्धान्तातून आलेले नकार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी वाद घालायला माझ्याजवळ काही नसते. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या एका गृहस्थांना लग्नानंतर दुसऱ्या मंडळीत ‘तो खरा नव्हे, पुन्हा घ्या’ असे सांगण्यात आले होते. पहिला नाकारणे म्हणजे आपल्याला हातांवर धरून उभ्या राहिलेल्या आईवडिलांचा विश्वास नाकारणे, असे त्यांना वाटे. या वादाचा इतिहास रक्तरंजित आहे, कारण प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची चळवळ 1525 मध्ये झ्युरिखला सुरू झाली आणि दोनच वर्षांनी तिथल्या नगरसभेने फेलिक्स मान्झ याला त्यापायी नदीत बुडवून मारले. काहींना ख्रिस्त हवा असतो पण मंडळीची सभासदवही नको असते. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी 1942 मध्ये एका धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रांत बाप्तिस्म्याच्या उंबरठ्याबाहेर थांबण्याची आपली कारणे मांडली, त्यांतही मंडळीबाहेरच्या असंख्य माणसांपासून आपण वेगळे होऊ नये, ही ओढ दिसते. आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी स्वतः 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू करताना बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी त्याची दारे उघडी ठेवली. आणखी काही जण आपण अजून पुरेसे शुद्ध नाही म्हणून थांबतात. सम्राट कॉन्स्टंटाइनने 337 साली मृत्यूशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो काळच असा होता की पापे धुऊन निघाल्यावर पुन्हा पाप घडले तर काय, या धास्तीने पुष्कळ लोक तो पुढे ढकलत. घरचे तोडतील म्हणून थांबणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे धोका खरा असतो आणि त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

या मुलाचे कारण यांपैकी एकही नव्हते. ते बाहेर यायला चार भेटी लागल्या.

पंधरा वर्षांचा असताना तो बाप्तिस्म्याच्या तयारी वर्गात बसला होता. साक्ष लिहिण्यासाठी मुलांना एक कागद दिला होता आणि त्यावर तीन अर्धी वाक्ये छापलेली होती: ‘पूर्वी मी…’, ‘मग प्रभू मला भेटला तेव्हा…’, ‘आता मी…’. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापुढे लिहायला त्याच्याजवळ थोडेफार होते, पहिल्यापुढे काहीच नव्हते. विश्वास नसल्याचा काळ त्याला आठवतच नव्हता. आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलेल्या मुलाने ‘पूर्वी’ कुठून आणावे? वर्ग घेणाऱ्यांनी प्रेमानेच सुचवले, काहीतरी असेलच की, खोटे बोलणे, चोरी, राग. शेवटी त्याने लिहिले की मी आईच्या पर्समधून पैसे चोरत असे. रंगीत तालमीत त्याने ते वाचले तेव्हा मागच्या बाकांवरून दोघांतिघांचे ‘आमेन’ ऐकू आले. त्याने आयुष्यात एक पैसा चोरला नव्हता.

“घरी गेल्यावर आईने मला जवळ घेतले,” तो म्हणाला, “आणि म्हणाली, बाळा, मला माहीत होते.”

हे सांगून तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. न घडलेली चोरी आईला माहीत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने पोटात कळा येत असल्याचे सोंग केले, आईने दोन दिवस त्याच्या उशाशी बसून काढले आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी त्याला काही ना काही निमित्त सापडत गेले. देवाविषयी त्याला शंका नव्हती. त्या पाण्याभोवती उभी राहणारी माणसे, त्यांत त्याची आईही, खरे ऐकायला आलेली नसतात, अशी त्याची खात्री झाली होती.

एकत्र भेटीचा प्रस्ताव त्याचाच. त्याने आईला सगळे सांगितले, अगदी खालच्या आवाजात, पर्सचा प्रसंग शेवटी. बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या, ते गुंडाळणे थांबले. मला वाटले त्या रडतील किंवा सफाई देतील. त्या म्हणाल्या, “तू सगळ्यांपुढे एवढे बोललास. मला काहीच ठाऊक नव्हते म्हटले असते तर तू एकटा पडला असतास. म्हणून म्हटले.” मग थोड्या वेळाने, “तेही खोटेच होते रे.” मुलगा उठला नाही, ही त्या तासातली सर्वांत मोठी गोष्ट. मी त्यावर काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने काही अर्थ लावून दाखवणे म्हणजे दोघांच्या मधे खुर्ची ओढून बसणे होय.

बाईंना मी एकच काम दिले: सहा महिने बाप्तिस्म्याचा विषय आपणहून काढायचा नाही, आणि भीती दाटून आली तर मुलाकडे न जाता पाळकांकडे जायचे. पहिले दोन महिने त्यांना ते फार जड गेले. एकदा रात्री अकराला त्यांचा फोन आला, मुलगा प्रवासात होता आणि गाडीला उशीर झाला होता. त्या रात्री आम्ही बाप्तिस्म्याविषयी नव्हे, मूल गमावण्याच्या भीतीविषयी बोललो आणि मला वाटते पहिल्या भेटीतल्या त्या तिन्ही प्रश्नांच्या खाली हेच होते.

गेल्या वर्षी त्यांचा पुन्हा फोन आला. मुलाने अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. “मी विचारले नाही हं,” त्यांनी आधीच सांगून टाकले, “पण परवा भांडी विसळताना स्वतःच म्हणाला, कधी पाण्यात उतरलो तर साक्षबिक्ष देणार नाही, मंडळीही नको, पाळक आणि तू, बस. ताई, असा बाप्तिस्मा होतो का हो?”

त्यांच्या मंडळीचा नियम त्यांच्या पाळकांनाच विचारावा लागेल, असे मी म्हटले, आणि बायबल हाताशी असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढायला सांगितला. पाने उलटल्याचा आवाज फोनवर येत होता. कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून वाचत होता, वाटेत पाणी दिसले, त्याने विचारले की मला आता बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे, आणि रथ थांबवून तो आणि त्याला सुवार्ता सांगणारा फिलिप्प, दोघे पाण्यात उतरले. “इथे साक्षीला कोण होते?” बाईंनी विचारले. फिलिप्प होता, मी म्हटले, आणि झालाच तर रथ हाकणारा.