हाताच्या मापाची मूठ

पावसाळा तोंडावर आला की गोल्फच्या काठ्यांबद्दल, म्हणजे क्लबबद्दल, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात सगळे नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) कोणता घेऊ असं विचारतात, जूनमध्ये ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, सटकते म्हणून लिहितात. यंदा दोन्ही प्रकारची पत्रं एकदमच आली. त्यातली चार निवडली आहेत.

नाशिकहून: वय 61, निवृत्त. दोन वर्षांपासून गोल्फ शिकतो आहे, हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 24. मुलगा अमेरिकेतून येताना सेट आणणार आहे आणि म्हणतो, बजेटची चिंता करू नका. मला जपानी फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) ब्लेडचं, म्हणजे सपाट पाठीच्या आयर्नचं, फार आकर्षण आहे. घेऊ का?

काका, तुमचं आकर्षण मला पूर्ण कळतं. मिझुनोच्या हिरोशिमात फोर्ज झालेल्या ब्लेडवर चेंडू बरोबर मध्यावर बसला की हाताला काही जाणवतच नाही, इतका तो मऊ लागतो. पण मध्य सोडून अर्धा इंच इकडेतिकडे लागला, की तेच ब्लेड मनगट झिणझिणवतं आणि चेंडू वीस-पंचवीस यार्ड अलीकडे पडतो. 24 हँडिकॅपला चेंडू रोज मध्यावर बसत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही मागे पोकळी असलेले, कॅव्हिटी बॅक आयर्न घ्या. त्यात वजन कडेकडेने वाटलेलं असतं, म्हणून चुकलेला फटकाही बराचसा सरळ जातो. फोर्ज्डच हवं असेल तर फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकही मिळतात. त्याचा एक मोठा फायदा आहे. मऊ लोखंड असल्यामुळे पुढे लाय (दांड्याचा कोन, खाली सांगतो) बदलायची झाली तर कारागीर ते एक-दोन अंश वाकवू शकतो. ओतीव कडक स्टीलचं हेड (क्लबचं डोकं) वाकवताना मला स्वतःला धाकधूक होते.

ब्रँडच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, दांड्याचं वजन. टूरवरच्या (व्यावसायिक) खेळाडूंचा जड स्टीलचा शाफ्ट साधारण 130 ग्रॅमचा असतो, हलक्या स्टीलचा 95च्या आसपास, ग्रॅफाइटचा 60 ते 80. तुमच्या वयाला जड शाफ्ट बाराव्या होलपर्यंत ओझं वाटायला लागतो आणि शेवटचे सहा होल खांद्यातून ओढून खेळावे लागतात. हलकं स्टील किंवा ग्रॅफाइट, दोन्ही मारून बघा.

दुसरी गोष्ट लाय, म्हणजे क्लब जमिनीवर टेकल्यावर दांड्याचा जमिनीशी होणारा कोन. सात नंबरच्या आयर्नच्या तळाला टेप लावा, कठीण सपाट फळीवरून दहा चेंडू मारा आणि टेप कुठे खरवडली ते बघा. मध्यावर असेल तर ठीक. टाचेकडे असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाईल. टोकाकडे असेल तर याच्या उलट. पिंगच्या आयर्नवर रंगीत ठिपका असतो तो याच कोनासाठी. काळा ठिपका म्हणजे प्रमाण माप, निळा त्याहून उभा, लाल त्याहून आडवा. तेव्हा मुलाला सांगा, तिथून ठिपका बघून आणू नकोस. तुमचं माप आधी इथे घ्या, ते त्याला कळवा आणि त्यावर ऑर्डर द्यायला लावा. सेट भेट म्हणून येतो, मापाचा येत नाही, आणि मग माझ्यासारख्याकडे दुरुस्तीला येतो. असे सेट मी दर वर्षी बघतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते देणाऱ्याने मनापासून दिलेले असतात.

तिसरी गोष्ट संख्या. नियम 14 क्लबपर्यंत परवानगी देतो, 14 भरलेच पाहिजेत असं म्हणत नाही. ड्रायव्हर (हेडचा कल 10.5 किंवा 12 अंश, 9 नको), लांब फटक्यांसाठी एक फेअरवे वूड आणि दोन हायब्रिड, सहापासून पुढचे आयर्न, वाळूतून चेंडू काढायला एक सँड वेज आणि होलपाशी चेंडू ढकलायला पटर. उरलेले पैसे शिकवणीवर घाला.

मुंबईहून: मी इथेच खेळते. पावसाळ्यात हात आणि ग्रिप दोन्ही ओले होतात, क्लब फिरतो. घट्ट धरला की कोपर दुखतं. दुकानदार म्हणतो, महागाच्या कॉर्ड ग्रिप लावा. वर्षभरापूर्वीच नव्या ग्रिप बसवल्या होत्या. माझी बोटं लांब आहेत.

ताई, या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण क्लबचा आणि आपला संबंध येतो तो फक्त मुठीशी. दोन लाखांच्या सेटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच असते आणि सगळ्यात शेवटी लक्ष जातं तेही तिच्याकडेच.

आधी माप बघा. डाव्या हाताने, हातमोजा घालून, क्लब नेहमीसारखा धरा. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. बोटं आणि गादी यांच्यात फट राहत असेल तर जाड आहे. बायकांना बऱ्याचदा हाताकडे न बघताच बारीक 'लेडीज' ग्रिप बसवून देतात. तुमच्या पत्रात बोटं लांब असल्याचा उल्लेख आहे. बारीक मूठ सांभाळायला हात आपोआप आवळला जातो आणि तो ताण कोपरापर्यंत चढतो. माझा अंदाज असा की तुमच्या कोपराला पावसापेक्षा मापाचा त्रास जास्त आहे. (दुखणं सहा आठवड्यांवर गेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते काम ग्रिपचं नाही.)

कॉर्ड ग्रिपमध्ये रबरात सुताचे धागे असतात. ओल्यात ती पकड सोडत नाही हे खरं, पण हाताला खरखरीत लागते आणि दुखऱ्या कोपराला तिची कडक मूठ मानवत नाही. तुम्ही अर्धी कॉर्ड घ्या: वरच्या हाताला कॉर्ड, खालच्या हाताला मऊ रबर. हातमोजे तीन ठेवा आणि दर चार होलला बदला. ओला मोजा बॅगेच्या कप्प्यात कोंबू नका, छत्रीच्या काडीला आतून लटकवा.

पण नवीन बसवण्याआधी जुन्या धुऊन बघा. वर्षभराची ग्रिप अनेकदा झिजलेली नसते, नुसती मळलेली असते. घाम, सनस्क्रीन, हाताचं तेल यांचा थर बसून रबर चकचकीत दिसतं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, नायलॉनचा मऊ ब्रश. घासा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि रात्रभर पंख्याखाली उभं ठेवा. सकाळी अंगठा दाबून फिरवा. रबर अंगठ्याला अडवत असेल तर ग्रिप जिवंत आहे. तरीही घसरत असेल, किंवा अंगठ्याच्या जागी खळगा पडला असेल, तर बदला.

बदलणं घरी जमतं. मी 1987 साली पुण्यात कॅडी म्हणून बॅग उचलायला लागलो आणि तीन वर्षांनी एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली हे काम शिकलो. एकट्याने बसवलेली पहिली ग्रिप एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या पाच नंबरच्या आयर्नची होती. मी द्रव पुरवून पुरवून वापरला आणि नवी कोरी ग्रिप अर्ध्यावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची मॅच होती. ग्रिप कापून टाकली, दुसरी माझ्या मजुरीतून आणली. तेव्हापासून या कामात मी हात आखडत नाही, आणि तुम्हालाही तेच सांगतो.

जुनी ग्रिप आकड्याच्या पात्याने कापा, धार स्वतःपासून लांब. ग्रॅफाइटचा दांडा असेल तर सरळ पातं वापरूच नका, त्याचा ओरखडा तंतूंपर्यंत गेला तर दांडा एक दिवस स्विंगमध्येच तुटतो. जुनी टेप खरवडून दांडा अगदी गुळगुळीत करा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप लांबीने लावा आणि वरच्या टोकाला अर्धा इंच जादा सोडून ती दांड्याच्या पोकळीत दुमडा. मूठ जाड हवी असेल तर तिच्याखाली साध्या मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक लाकडी टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करा. आत रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन ओता, तोंडावर बोट ठेवून हलवा आणि तेच टेपवर सढळ हाताने पसरा. पेट्रोल नको, आगीशी खेळ होतो. कडक थिनरही नको, रंग उतरतो. आता ग्रिपचं तोंड चिमटून दांड्यावर चढवा आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात की ती तिथेच बसते. टोकाला टेकल्यावर आतून बुडाचा 'टक' असा स्पर्श लागतो, तो लागेपर्यंत हात काढू नका. मग लगेच क्लब जमिनीवर टेकवून, फेस (चेंडूला लागणारी बाजू) सरळ धरून, ग्रिपवरची खूण जुळवा. त्यासाठी मिनिटभर मिळतो. पावसाळ्यात पुढचे 24 तास क्लबला हात लावू नका.

एक लक्षात ठेवा: नवी ग्रिप जुनीपेक्षा चार-पाच ग्रॅम जड असेल तर हेड हलकं झाल्यासारखं वाटतं. म्हणून सगळ्या सेटला एकाच वजनाच्या ग्रिप बसवा. पटर याला अपवाद.

नागपूरहून: ड्रायव्हर हलवला की आत काहीतरी खडखडतं. किट वर्षभर गाडीच्या डिकीत असतं. शिवाय तो ऑनलाइन, अर्ध्या किमतीत घेतलेला आहे. खरा आहे ना?

दादा, तो ड्रायव्हर आज मारू नका. आधी हेड एका हातात, दांडा दुसऱ्या हातात धरून पिळून बघा. किंचितही फिरलं तर डिंक सुटलेला आहे, आणि सुटलेलं हेड स्विंगमध्ये उडून शेजारच्या माणसाला लागतं. मे महिन्यातल्या नागपुरात बंद डिकीत क्लब राहिले की हेड आणि दांडा जोडणारा इपॉक्सी दिवसामागून दिवस नरम पडत जातो. ग्रिपचं रबरही वाळतं. किट घरी आणत जा, हीच सगळ्यात मोठी देखभाल. हेड फिरत नसेल तर आत डिंकाचा सुटलेला तुकडा असेल. ती किरकोळ दुरुस्ती आहे.

खरेपणाबद्दल: ड्रायव्हरचा फेस टायटेनियमचा असल्याचं लिहिलेलं असेल तर त्याला चुंबक चिकटणार नाही. चिकटला, तर ती वस्तू तुम्ही समजता ती नाही. (तळाच्या वजनाच्या स्क्रूवर परीक्षा करू नका, तो वेगळ्या धातूचा असू शकतो.) हेडच्या मानेजवळचा अनुक्रमांक कंपनीला पाठवून विचारा. अक्षरं बोटाने चाचपून बघा, नकली मालात रंग खाचेबाहेर सांडलेला असतो. मीही एकदा एका व्यापाऱ्याकडून वेजचा जोड घेतला होता. पहिल्याच आठवड्यात खडकाला घासला आणि वरच्या मुलाम्याखाली पिवळट धातू दिसला. पैसे परत मिळाले नाहीत, पण तो वेज मी अजून दुकानात टांगून ठेवला आहे आणि विचारायला येणाऱ्याला हातात देतो. वजनातला फरक हाताला लगेच कळतो.

बेळगावहून: वडिलांचा लाकडी हेडचा ड्रायव्हर माळ्यावर सापडला. मानेवरचा दोरा सुटला आहे, लाखेला भेगा आहेत. फोटो सोबत. खेळता येईल का? त्याला काय करू?

तुमचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. हे लाकूड पर्सिमनचं दिसतंय, कारण कडेला थरांच्या रेषा नाहीत. थर दिसले असते तर तो मेपलच्या पट्ट्या चिकटवलेला स्वस्त क्लब असता. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा अमेरिकन भाऊ. एकाच वंशातली झाडं, एकाच्या पानांत विदर्भात विडी वळतात, दुसऱ्याच्या घट्ट, जड लाकडातून ड्रायव्हर घडत. 1979 मध्ये टेलरमेडने धातूचं हेड बाजारात आणलं आणि पंधरा-वीस वर्षांत लाकूड मागे पडलं. 1993 ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगर यांनी पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली. त्यानंतर कुठलीही मेजर (अव्वल दर्जाची स्पर्धा) लाकडाने जिंकली गेलेली नाही.

खेळता येईल, पण जपून. सरावाच्या रेंजवरचे कडक चेंडू त्याने मारू नका, फेसमधला इन्सर्ट (मध्ये बसवलेला तुकडा) तडकतो. मऊ चेंडू घ्या आणि टीवरूनच मारा. हेड आजच्या ड्रायव्हरच्या निम्म्याहून लहान आहे, तेव्हा सुरुवातीला चुकलं तरी निराश होऊ नका.

आधी दुरुस्ती. लाखेच्या भेगांतून बेळगावच्या पावसाची ओल आत शिरते, लाकूड फुगतं आणि इन्सर्ट सैल होतो. म्हणून या पावसाळ्यात तो माळ्यावर नको, कपाटात कपड्यांबरोबर ठेवा. उन्हातही नको. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, जुनी लाख बारीक कागदाने हलक्या हाताने उतरवा आणि जवसाचं तेल एक हात चोळा. दोन आठवडे सुकू द्या, मग नवी लाख. मानेवरचा दोरा मेण लावलेला सुती घ्या. खालून वर, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा आणि शेवटचं टोक एका वेगळ्या फासातून आत ओढून घ्या, गाठ मारू नका. ग्रिप चामड्याची दिसते. ती काढू नका. वडिलांच्या अंगठ्याचा खळगा तिच्यावर अजून आहे.

फोटोत फेस समोरून नीट दिसत नाही. इन्सर्टचे स्क्रू सगळे जागेवर आहेत का, तेवढं बघून कळवा.