त्या आईला भेटायला जाऊ का?

*ताई, मी सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सध्या ड्युटी कॅज्युअल्टीला. गेल्या आठवड्यात तुळजापूर रोडवर दर्शनाहून परतणारा टेम्पो उलटला आणि एकदम सात जण आले. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. कपाळावर देवीचा मळवट तसाच. चाळीस मिनिटं सीपीआर दिला, माझ्या ग्लोव्हजला हळदकुंकू लागलं, पण तो वाचला नाही. त्याची आई पलीकडच्याच बेडवर होती. मांडीचं हाड मोडलेलं, बीपी लागत नव्हतं. कानडीत एकच विचारत होती, ‘नन्न मग एल्ली?’ माझा मुलगा कुठंय? मी म्हणाले, ‘डॉक्टर बघतायत त्याला.’ तेव्हा तो जाऊन दहा मिनिटं झाली होती.*

*त्यानंतर उन्हाने भोवळ येऊन पडलेले एक आजोबा आले, विष घेतलेली मुलगी आली, एका पेशंटच्या भावाने माझी कॉलर धरली. रात्री चहाला सगळ्यांबरोबर मी चक्क हसले. घरी येऊन आईने वाढलेलं ताट सरकवून दिलं. रडू आलंच नाही. बाबा म्हणतात, डॉ. कोटणीसांच्या गावची डॉक्टर तू, एवढ्याने खचतेस? त्या बाईला मुलाचं तिसऱ्या दिवशी दिराने सांगितलं, तोवर अंत्यविधी उरकले होते. ती अजून ऑर्थोच्या वॉर्डात आहे. मी दगड झालेय, की या कामाच्या लायकच नाही? तिला भेटायला जाऊ का? सगळे म्हणतात, जाऊ नकोस, अंगाशी येईल.*

जा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्याच्याच पोटातून आलेत.

तुझ्या पत्रात अख्खा दिवस आहे, पण तू अडकलीस ती ‘डॉक्टर बघतायत त्याला’ या एका वाक्यापाशी. मी डॉक्टर नाही, तरी एवढं मला समजतं: जिचं बीपी लागत नाही, जिला थिएटरमध्ये न्यायची घाई चाललीय, तिला त्या मिनिटाला मुलगा गेल्याचं न सांगणं हा गुन्हा नव्हे. तुझ्या जागी कुणी अनुभवी माणूस असता तर त्यानेही कदाचित तेच केलं असतं. चुकलं ते नंतर. ती शुद्धीवर आल्यावर तिला कोण सांगणार, कधी सांगणार, पोस्टमॉर्टेमनंतर नातेवाईक बॉडी गावी नेण्याआधी तिला एकदा लेकराचं तोंड दाखवायचं की नाही, हे कुणी ठरवलंच नाही. ही एका जेआरची, म्हणजे तुझ्यासारख्या ज्युनिअर निवासी डॉक्टरची, जबाबदारी नव्हती. युनिटची होती, वरिष्ठांची होती. तो भार तू एकटीने उचलू नकोस.

पण एक गोष्ट मात्र फक्त तुझ्याकडे आहे. त्या मुलाची शेवटची चाळीस मिनिटं. दीर दाराबाहेर होता, आई पडद्यापलीकडे होती, मुलापाशी तू होतीस. ती चाळीस मिनिटं त्या बाईची आहेत आणि ती तिला मिळालेली नाहीत. तू जायचंस ते एवढ्यासाठी. स्वतःचं मन हलकं करायला नाही. हलकं झालं तर बरंच, पण ते तिच्याकडे मागायचं नाही.

तुझ्या आणि ऑर्थोच्या वरिष्ठांच्या कानावर घालून जा, चोरून नको. सोबत कानडी येणाऱ्या सिस्टर घे. सोलापुरात त्या शोधाव्या लागत नाहीत. दिराला मात्र दुभाषा करू नकोस. घरचं माणूस मायेपोटी अर्धं गाळतं आणि अर्धं गोड करून सांगतं. ड्रेसिंगच्या किंवा राउंडच्या वेळी जाऊ नकोस, दुपारी वॉर्ड निवांत असतो तेव्हा जा. स्टूल ओढून बस. पायथ्याशी उभं राहून असलं काही बोलू नये. आधी तू कोण ते सांग, आणि विचार, ‘मी तुमच्या मुलापाशी होते. तुम्हाला ऐकायचंय का?’ नको म्हणाली तर तुझं नाव सिस्टरकडे ठेव आणि परत ये. हो म्हणाली तर जे घडलं ते सांग. आणला तेव्हा तो शुद्धीत होता की नव्हता, तुम्ही काय काय केलंत, किती वेळ केलंत, त्याच्याजवळ कोण कोण होतं. मळवटाचं सांग. त्याला काही दुखलं नाही, असं मात्र तुला खात्रीने माहीत असेल तरच म्हण. आणि मग ते वाक्य: ‘तुम्ही विचारलंत तेव्हा तो वारला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं.’ इथे थांब. ‘मला माफ करा’ म्हणू नकोस. पोटचं पोर गेलेल्या बाईवर तुला माफ करायचं आणखी एक काम कशाला टाकायचं?

ती रडेल. कदाचित ओरडेल. बसून राहा, स्वतःची बाजू मांडू नकोस. टेम्पोवाल्याची चूक की रस्त्याची, यावर अवाक्षर काढू नकोस. पोलीस केस आहे, तू फक्त पाहिलेलं आणि केलेलं बोलायचंस.

अंगाशी येईल म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही, तुझी कॉलर धरली गेलीच आहे. पण तो माणूस वेगळा आणि ही बाई वेगळी. त्या कॉलरचं तू एका ओळीत उरकलंस, ते मला पटलं नाही. डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार दे, आणि ती रुग्णालयाने पुढे न्यावी असा आग्रह धर.

चहाच्या वेळच्या हसण्याचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. दिवसभर ताणलेलं शरीर जिथे फट मिळेल तिथून मोकळं होतं. कुणाला रडू फुटतं, कुणाला हसू. रडू आलं नाही कारण त्या मुलाची वेळ लिहून तू लगेच पुढच्या बेडकडे वळलीस, तिथून त्याच्या पुढच्या. रडायला जागाच नव्हती. दगड झालेल्या माणसाला आठ दिवसांनी ग्लोव्हजवरचं हळदकुंकू आठवत नाही. आणि लायकीचं म्हणशील तर अपघातात हृदय बंद पडलेलं मूल परत येणं मोठमोठ्या केंद्रांतही फार दुर्मीळ असतं, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे.

बाबांना माझा निरोप सांग. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, त्यांचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण १९३८ मध्ये ते चीनला गेले ते पाच डॉक्टरांच्या पथकातून, एकटे नव्हे. आणि १९४२ मध्ये गेले तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या नावाने कुणा दमलेल्या पोरीला गप्प करू नये. बाबांना तुझी काळजी वाटते, ती त्यांना अशी बोलता आली, एवढंच. आईला मात्र आज सांग. पेशंटचं नाव-गाव न सांगताही ‘आमच्याकडे एक लहान मुलगा दगावला, माझ्या हातात होता’ एवढं सांगता येतं. ताट का सरकवलं ते तिला आपोआप कळेल.

तुझ्या युनिटसाठीही एक सुचवते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका नर्सने एक पद्धत सुरू केली: पेशंट गेला की उपचार करणारे सगळे क्षणभर त्याच्याभोवती शांत उभे राहतात आणि मग पांगतात. मिनिटभराची गोष्ट. वॉर्डबॉय मामा, आया मावशी, सिस्टर, सगळ्यांना घेऊन. सात जखमी एकदम आल्यावर तेही जमणार नाही, मान्य. मग ड्युटी संपताना जमवा. त्या मुलाला तुमच्याकडच्या मामांनीच स्ट्रेचरवरून उचललं असेल ना? त्यांना कुणी काही विचारलं का?

झोपेचं तू लिहिलं नाहीस, म्हणून विचारते. लागते का? सायरन ऐकला की छातीत धस्स होतं का, ड्युटीला निघताना पाय जड होतात का? पहिले काही आठवडे असं होऊ शकतं. महिना उलटूनही राहिलं तर मानसोपचार विभागात जा, आणि आपल्याच कॉलेजात नको वाटलं तर बाहेर दाखव. झोपेची गोळी स्वतःच स्वतःला लिहून घेऊ नकोस. जिवाचं बरंवाईट करावं असं एकदा जरी मनात आलं तरी महिन्याची वाट बघायची नाही. त्याच क्षणी कुणाला तरी सांग, नाहीतर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन कर. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि ड्युटीचे तास मोज. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कार्यगटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सुचवलीय. तुझे तास त्याच्या वर जात असतील तर सगळे जेआर मिळून लेखी द्या, एकटी देऊ नकोस.

कॅज्युअल्टी सोडायची की नाही, ते आत्ता ठरवू नकोस. पुढची पोस्टिंग होऊ दे, दोन-चार रात्री धड झोप, मग बघ.

आधी ऑर्थोच्या सिस्टरना फोन करून त्या बाईचं ऑपरेशन झालं का आणि डिस्चार्ज कधी आहे ते विचार. मांडीच्या हाडाला रॉड घातल्यावर हल्ली फार दिवस ठेवत नाहीत. एकदा ती गावी गेली की दाखवायला येईल तेव्हा तू भलत्याच ड्युटीवर असशील. उद्या दुपारीच जा.